मोठ्यानं वाच, मिठू

सोमवार, ३

आज मावशीनं मला गोगलगायीत ड्रायव्हरच्या शेजारच्या सीटवर बसवलं आणि म्हणाली, "आजपासून ही तुझी जागा. काकांची होती. उशी बदलायची नाही."

गोगलगाय म्हणजे मावशीची गाडी. आधी ती मिनीबस होती. काकांनी, म्हणजे मावशीच्या नवऱ्यानं, सीटा काढून आत पलंग, ओटा, गॅस, पाण्याची टाकी, सगळं स्वतः बसवलं. मावशी शहरातल्या बसवर ड्रायव्हर होती. ती रिटायर झाली की दोघं या गाडीत राहत राहत फिरणार होते. ती रिटायर झाली आणि थोड्याच दिवसांत काका गेले. तेव्हापासून गाडी घरामागच्या शेडमध्ये उभी आहे.

आता ताईला बाळ होणार आहे. ताई म्हणजे मावशीची मुलगी. ती घाटापलीकडे, समुद्राजवळ राहते. मावशी म्हणते, जाईन तर गोगलगायीतूनच, आणि माझी मी चालवत. आयुष्यभर तिनं एकाच रूटवर बस चालवली, डोळे मिटून सुद्धा नेईन म्हणते, पण हा रस्ता नवा आहे. म्हणून रस्ता दाखवायला मी.

आईनं सांगितलंय, नीट जमलं तर मावशी तुला पुढेही कुठे कुठे नेईल. नाही जमलं तर गुपचूप माझ्याबरोबर दुकानात यायचं. आई कपड्यांच्या दुकानात काउंटरवर असते. दिवसभर गिऱ्हाइकांशी बोलायचं. मी मरून जाईन.

नववीतच शाळा सोडली ती हजेरीमुळे. माझं नाव आलं की "हजर" म्हणायला आवाजच फुटायचा नाही. बाई मान वर करून बघायच्या, मग सगळा वर्ग बघायचा. शेवटी शेवटी तर माझं नाव यायच्या आधीच मागून हसायला लागायचे. जाऊ दे.

मावशी मला मिठू म्हणते. न बोलणाऱ्या पोपटाला मिठू म्हणायचं हा तिचा विनोद.

बुधवार, ५

मोबाइलवरचा नकाशा लावून गाडी जवळपास फिरवून आणली. फोननं आम्हाला एका गल्लीत घातलं. गल्लीत दोन्हीकडे कपडे वाळत होते आणि पुढे चक्क पायऱ्या होत्या.

मावशी म्हणाली, "याला काय वाटलं, आपण स्कूटरवर आहोत?"

बरोबरच आहे. फोनला कुठे माहीत की आपण घर घेऊन निघालोय. सगळी गल्ली बाहेर येऊन बघत होती. मला सीटखाली जावंसं वाटलं. मावशीनं शांतपणे दोन्ही आरसे बघत गाडी मागे घेतली. एका दोरीला सुद्धा धक्का लागला नाही. एक आजोबा टाळ्या वाजवायला लागले तर मावशीनं मान झुकवून नमस्कार केला, एखादी नटी असल्यासारखा.

घरी आल्यावर म्हणाली, फोन नको. अक्षर बारीक आणि रस्त्याच्या रेषा नुसत्या वळवळतात. मला तर सरळ दिसत होत्या.

आणखी एक. वाटेत ती सारखी म्हणत होती, "समोर काय लिहिलंय? मोठ्यानं वाच, मिठू." प्रत्येक पाटी. मी पुटपुटले की म्हणायची, "ऐकू आलं नाही." मला कळत नाही का? हे आईचं आणि तिचं आधीच ठरलंय. माझा आवाज मोकळा करायचा डाव आहे. आई काय काय युक्त्या काढेल.

शनिवार, ८

गाड्यांच्या सामानाच्या दुकानात गेलो. तिथे रस्ता दाखवणारी यंत्रं एका फळीवर ओळीनं चालू करून ठेवली होती, सगळी एकदम बोलत होती. एक म्हणतंय डावीकडे वळा, दुसरं म्हणतंय उजवीकडे.

"सासू-सुना आहेत का या?" मावशीनं दुकानदाराला विचारलं.

दुकानदार चांगला होता. त्यानं समजावून सांगितलं की मोठ्या गाडीला साधं यंत्र चालत नाही. ट्रकवाल्यांचं वेगळं मिळतं. त्यात आपल्या गाडीची उंची, रुंदी, लांबी, वजन भरायचं. मग बुटका पूल असेल, वजन न झेपणारा पूल असेल, अरुंद रस्ता असेल, तर ते तिकडे नेतच नाही.

मावशीला एकही पसंत पडेना. याचा उजेड डोळ्यावर येतो, त्याच्या मधोमध डाग आहे. दुकानदारानं रुमालानं पुसून पुसून काच दाखवली. "काकू, डाग कुठाय?"

"हा काय, मधोमध."

मी पण बघितलं. डाग नव्हता. मावशी खरेदीला गेली की अशीच करते, आई म्हणतेच की तिला साधा कांदा सुद्धा पटकन पसंत पडत नाही.

मग ती म्हणाली, "ज्याचा आवाज सगळ्यात खणखणीत ते द्या. चित्र राहू दे. चित्र ही बघेल."

ही म्हणजे मी. दुकानदार माझ्याकडे वळला. आणि काय झालं कुणास ठाऊक, मी विचारलं, "आत गॅस सिलिंडर असेल तर? बोगद्यात जाऊ देतात?" माझा आवाज मलाच दुसऱ्या कुणाचा वाटला. दुकानदार म्हणाला, "वा, हे तर कुणीच विचारत नाही. काही बोगद्यांत बंदी असते. इथे टिक करायची, मग ते वळसा घालून नेतं."

मावशी दुकानातून बाहेर येईपर्यंत हसत होती. दारात शेजारचे काका भेटले, ते हात करून उभे होते, ही त्यांच्या अंगावरूनच पुढे गेली. त्यांनी हाक मारल्यावर म्हणाली, "अय्या, तुम्ही होय! माझं लक्षच नव्हतं." फार खुशीत होती ना.

सोमवार, १०

यंत्रात मापं भरली. लांबी-रुंदी मी टेपनं मोजली. उंचीसाठी शिडी आणायला निघाले तर मावशी म्हणाली, "कशाला? काकांनी खूण केलीय की."

शेडच्या खांबावर काकांनी पेन्सिलनं रेघ मारलीय. शेजारी त्यांच्या बारीक अक्षरात दोन मीटर नव्वद. मावशी त्या रेघेवरून बोट फिरवत म्हणाली, "हा माणूस दोनदा मोजल्याशिवाय स्क्रू सुद्धा पिळायचा नाही."

मी दोन नव्वद भरलं. टपावर हवा खेळायला एक पंखा आहे, त्यावर पांढरं झाकण आहे. मनात आलं, त्या मापात हा पंखा धरलाय की नाही? विचारणार होते. पण तिचं बोट अजून त्या रेघेवरच होतं. मी नाही विचारलं.

दुपारी ती खिडकीच्या चौकटीवर चिडली. म्हणे वाकडी बसलीय, मधे पोट आल्यासारखी, काकांच्या हातून असं कसं झालं. मी काकांच्या पेटीतली पाण्याच्या बुडबुड्याची पट्टी आणून चौकटीला लावली. बुडबुडा बरोबर मधे. चौकट अगदी सरळ आहे. मावशीला सांगितलं. नंतर ती नुसती पलंगावर बसून राहिली, एक डोळा हातानं झाकायची, मग दुसरा. डोकं दुखत असेल. काकांची आठवण आली असेल.

गुरुवार, १३

निघालो! आई गेटपर्यंत आली. मावशीला म्हणाली, "माझी पोर सांभाळ." मावशी म्हणाली, "तीच मला सांभाळणार आहे." दोघी हसल्या.

मावशीचा नियम असा. यंत्र बोलेल. माझ्या मांडीवर कागदी नकाशा असेल, कारण घाटात रेंज जाते. फोन तिसरा, नकाशा आधीच उतरवून ठेवलेला. यंत्र आणि कागद एकच सांगत असतील तर जायचं. वेगवेगळं सांगत असतील तर कडेला थांबायचं आणि मग विचार करायचा. चालत्या गाडीत विचार करायचा नाही.

आणि मी डोळे. असं तीच म्हणाली, "तू माझे डोळे." सिग्नल कुठला लागलाय ते सुद्धा मोठ्यानं सांगायचं. मी म्हटलं, तो तर तुला दिसतोय. म्हणाली, बसमध्ये कंडक्टर डबल बेल द्यायचा, त्याशिवाय माझा पाय हलायचा नाही, सवय आहे.

शुक्रवार, १४

आज मी किती बोलले! घसा बसलाय. "पुढे शाळा आहे, वाहने सावकाश हाका." "उजवीकडे वळण्यास मनाई." "येथे थुंकू नये" पण वाचलं, तर मावशी म्हणाली, "बरं झालं सांगितलंस, मी थुंकणारच होते."

एका पेट्रोल पंपावर मी स्वतः उतरून हवा किती भरायची ते सांगितलं. हवा भरणाऱ्यानं ऐकलं पण. काउंटर-बिउंटर विसरा. मी जन्मभर हेच करीन.

संध्याकाळी मावशीनं चहा ओतला तो अर्धा कपाच्या शेजारीच. दिवसभर चालवून दमली असणार. मी पुसून घेतला. तिनं आईला फोन केला, मला म्हणाली नंबर लाव. मी बाहेर पायरीवर बसले होते, मला सगळं ऐकू येत होतं. "अगं, तुझी पोर पोपटासारखी बोलतेय!" आई तिकडे रडायला लागली वाटतं, कारण मावशी म्हणाली, "रडतेस काय, वेडे."

आईला माझ्यामुळे आनंदानं रडताना मी पहिल्यांदाच ऐकलं.

शनिवार, १५

आजचं सगळं लिहून ठेवते.

सकाळी यंत्रानं हमरस्ता सोडून एका गावरस्त्यावर वळायला सांगितलं, कारण पुढच्या बोगद्यात सिलिंडरला बंदी होती. कागदावर पण तो रस्ता होता. दोघांचं एकमत, म्हणून वळलो. रस्ता छान होता, दोन्हीकडे शेतं, सरळ, रिकामा. पुढे रेल्वेचा पूल. यंत्र काही बोललं नाही. मी खाली मान घालून कागदाची घडी बदलत होते. घडी काही केल्या नीट बसेना.

मान वर केली तर समोर दांडा. पुलाच्या आधी रस्त्यावर आडवा लावलेला, काळे-पिवळे पट्टे, एवढा मोठा, त्याच्यावर लाल गोलात तीन मीटर लिहिलेलं. आणि मावशी तशीच चालली होती. पाय पण उचलला नव्हता.

माझ्या डोक्यात एकच आलं. पंखा.

"थांब!"

मी एवढ्या जोरात जन्मात ओरडले नव्हते. मावशीनं करकचून ब्रेक दाबला. मागे सगळी भांडी घरंगळली. वरून कडाक् असा आवाज झाला आणि गाडी उभी राहिली.

मावशी म्हणाली, "काय झालं? काय आडवं आलं? कुत्रं?"

"दांडा!"

"कुठला दांडा?"

एवढा वेळ तो काचेच्या समोर होता. आता बरोबर आमच्या डोक्यावर, पंख्याला टेकलेला.

आम्ही उतरलो. पंख्याच्या झाकणाला तडा गेला होता, बाकी काही नाही. जोरात गेलो असतो तर अख्खं छप्पर सोलून निघालं असतं. मावशी दांड्याखाली जाऊन उभी राहिली. सरळ बघितलं. मग मान वळवून कोंबडीसारखी एका बाजूनं बघितलं. मग दुसऱ्या बाजूनं. मग म्हणाली, "हां. आहे."

तेव्हा मला कळलं. चहा, शेजारचे काका, यंत्रावरचा डाग, खिडकीची चौकट. सगळं एकदम कळलं.

मी म्हटलं, "मावशी, तुला समोरचं दिसत नाही."

"कडेचं दिसतं. मधलं जरा पुसट होतं." मग लगेच म्हणाली, "आणि चूक त्या मापाची आहे. पंखा काकांनी नंतर बसवला होता, माझ्याच हट्टापायी. आत फार उकडतं म्हणाले होते मी. खूण त्याच्या आधीची. मला लक्षातच राहिलं नाही बघ." आणि रडायला लागली, पंख्यासाठी.

हमरस्त्यापर्यंत गाडी मागे न्यायची होती. आरसे कडेला असतात, त्यात तिला दिसतं. मी गाडीच्या मागे चालत राहिले आणि ती आली, अगदी सरळ, एकदाही न चुकता. मग हमरस्त्याच्या तोंडाशी पेट्रोल पंप आहे, तिथे मागच्या बाजूला थांबलो.

जेवताना ती म्हणाली, "तुझ्या आईला सांगू नकोस. ताईला पण नको. तिकडे पोचले की डॉक्टरला दाखवते. एकच घाट राहिलाय."

मी तिला लोणचं वाढलं.

"तुझ्या पोटात सगळं राहतं," ती म्हणाली. "म्हणून तर तुला घेतली."

मी ताटात बघत बसले. मला वाटत होतं, माझा आवाज मोकळा व्हावा म्हणून घेतली.

रविवार, १६

सकाळी मावशीनं केस विंचरले, काकांच्या उशीवर हात फिरवला, मला बसवलं आणि किल्ली फिरवली. इंजिन सुरू.

"हं, मिठू. समोर काय आहे?"

मी रात्रीच ठरवलं होतं की सांगायचं, मावशी, नको ना जाऊया. सगळं वाक्य तयार होतं. पण ते हजेरीसारखं झालं. घशापर्यंत आलं आणि बसलं.

"मिठू? मोकळं आहे ना?"

समोर निळी बादली होती. पंपावरच्या गाड्या धुणाऱ्याची. चांगली मोठी.

मी सांगितलं नाही. ठरवून नाही, पहिल्यांदा नुसतं जमलंच नाही. पण मग माझ्या लक्षात आलं की मी बोलले नाही तर गाडी हलणार नाही. मग मी दोन्ही हात मांडीखाली घेतले आणि तोंड घट्ट मिटून बसले.

"अगं बोल की! बसून काय राहिलीस?"

इंजिन धडधडत होतं. काकांनी लावलेले कप कपाटात किणकिणत होते.

"ताईचे दिवस भरत आलेत. तिला आई नको का जवळ?"

मी रडत होते. तरी बोलले नाही.

मग ती खूप वाईट बोलली. म्हणाली, "शाळेत हसायचे तुला, ते काही उगाच नाही." ती असं बोलेल असं मला कधी वाटलं नव्हतं. तिला सुद्धा वाटलं नसेल, कारण बोलल्या बोलल्या तिनं स्वतःच्या तोंडावर हात ठेवला.

तिनं एकदा गियर टाकला. स्टिअरिंगवर पुढे वाकून तिनं मान इकडे केली, तिकडे केली. तेवढ्यात तो धुणारा पोरगा आला, खडखडाट करत बादली उचलली, निघून गेला. आता समोर खरंच मोकळं होतं. आता "मोकळं आहे" म्हटलं असतं तर ते खोटं नव्हतं. एवढं एक वाक्य, आणि माझं सगळं तसंच राहिलं असतं, ही सीट, ही उशी, आईचा आनंद.

मी म्हटलं नाही.

मावशीनं गियर काढला. मग किल्ली फिरवली. इतकं शांत झालं की कपांचा शेवटचा आवाज सुद्धा ऐकू आला.

किती तरी वेळानं तिनं तिचा फोन माझ्या हातात दिला. "ताईला लाव. मी बोलते. मी सांगते तिला सगळं." आणि मग म्हणाली, "तू लाव. मला आकडे दिसत नाहीत गं."

बुधवार, १९

भावोजी, म्हणजे ताईचा नवरा, सोमवारी रातराणी गाडीनं निघून काल सकाळी पंपावर पोचले. ताईनं तिकडे डोळ्यांच्या डॉक्टरची शुक्रवारची वेळ घेतलीय. डॉक्टरनं फोनवर विचारलं म्हणे, सरळ रेघ वाकडी दिसते का? मावशी म्हणाली, हो. त्यांनी सांगितलं, आता एक दिवस पण उशीर नको. गेलेली नजर परत येईलच असं नाही, पण आहे ती कदाचित धरून ठेवता येईल. गाडी चालवणं बंद. हे ऐकून मावशीनं किल्ली भावोजींना दिली नाही, ओट्यावर ठेवली आणि तोंड धुवायला गेली. त्यांनी ती तिथून उचलली.

निघायच्या आधी मी पंपावरून शिडी मागून आणली. स्वतः मागितली. पंख्यासकट मोजलं, तीन मीटर दहा भरलं. यंत्रानं लगेच दुसराच रस्ता काढला. आता त्यात तो दांडा येत नाही. मावशीला सांगितलं. ती म्हणाली, "घरी गेलो की काकांची खूण पुसायची नाही. तिच्या वर पंख्याची वेगळी कर."

म्हणजे घरी गेल्यावर मी तिच्याबरोबर शेडमध्ये असणार. काउंटरचं काय होणार ते आईनं अजून सांगितलेलं नाही. फोनवर मीच सगळं सांगितलं तिला. तिनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "जेवलीस का?"

आज घाट उतरलो. भावोजी चालवत होते, मी शेजारी, मांडीवर कागद. मावशी मागे पलंगावर, दर वळणाला, "गियर! जावईबापू, गियर! इंजिन ओरडतंय, तुम्हाला ऐकू येत नाही का?"

भावोजी मला हळूच म्हणाले, "यंत्रात मागचा आवाज बंद करायचं बटण कुठाय?"

मला हसू आलं. मावशीला ऐकू गेलं असणार, कारण पुढच्या वळणाला "गियर" आलंच नाही. मी मागे वळून पाहिलं तर ती खिडकीकडे तोंड करून बसली होती, पण बाहेर बघत नव्हती. चौकटीवरून बोट फिरवत होती, वरून खाली, सरळ.

मग म्हणाली, "मिठू. समोर काय लिहिलंय?"

"मला दिसतंय, आई," भावोजी म्हणाले.

"तुम्हाला नाही विचारलं."

मी बघितलं. पुढे झाडाला टायर टांगलं होतं आणि त्यावर पांढऱ्या रंगानं लिहिलं होतं. मी मागे तोंड करून, जेवढा आहे तेवढा आवाज काढून वाचलं, "पंक्चर काढून मिळेल! मालक झोपले असल्यास उठवू नये!"

मावशी हसायला लागली. हसता हसता तिनं डोळे पुसले आणि म्हणाली, "हं, पुढे?"